बावीस काप्या आणि एक लाल पेन

शुद्धलेखनाच्या चुका असतील तर आधीच माफी मागतो. शब्दही साधेच आहेत, कारण माझ्याकडे दुसरे नाहीत.

जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला जशी रुई चिकटते, तसे वर्ग चालवणाऱ्या माणसाला किस्से चिकटतात. घरी आल्यावर कितीही झटका, कानामागं थोडी राहतेच. मी प्रौढांचा वर्ग चालवला फक्त एक उन्हाळा. पण मित्र भेटले की म्हणतात, "ते कापीचं सांग." म्हणून एकदाचं लिहून काढतो. कापी म्हणजे आमच्याकडं वही.

माझ्या शिक्षणाचं आधी सांगतो, म्हणजे नंतर कोणी फसलं असं म्हणणार नाही. आमचं गाव तेलुगू मुलखात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून; गावात मराठी शाळा सातवीपर्यंत. आठवीला मी मोठ्या गावातल्या शाळेत जायला लागलो. सहा मैल चालत जायचं, सहा मैल चालत यायचं. तिथं हजेरी तेलुगूत. उत्तर द्यायचं ते मला यायचं, पण चाळीस मुलांसमोर तोंड उघडायची लाज वाटायची. मी बोट वर करायचो. मास्तर मान खाली घालून हजेरी घ्यायचे, त्यांना बोट दिसायचं नाही.

असा मी वर्षभर रोज शाळेत गेलो आणि गैरहजेरीमुळे माझं नाव कटलं!

*

पुढं मी भैंशाला एका जिनिंगमध्ये लागलो. काम हलकं होतं. कापसाच्या बोऱ्यांवर ब्रशानं नंबर आणि खुणा घालायच्या. अक्षर चांगलं होतं, आणि बोऱ्यांशी बोलावं लागत नाही.

नव्वदच्या पुढच्या एका उन्हाळ्यात मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, ऑफिसातून एक माणूस आमच्या गावी आला. प्रौढांना लिहायला शिकवायचा वर्ग काढायचा होता. शेतात काम नव्हतं, जिनिंगचा हंगाम संपून मीही घरी होतो, शाळेला सुट्टी म्हणून तिचा व्हरांडा रिकामा होता. शिकवणारा तेवढा पाहिजे होता. शेजारच्या रुखमावहिनींनी माझ्याकडं बोट दाखवलं. "आमचे सुदामभाऊजी हायेत ना! बोऱ्यायले लिवून राह्यले ते, मानसायले नाही शिकवनार?"

मी म्हटलं, "साहेब, मी फक्त आठवी. ती पण पूर्ण नाही."

त्यांनी रजिस्टर उघडलं. नावं वाचली. अठरा बाया, चार पुरुष. मग म्हणाले, "हे बघ, हे बावीसही जण शून्य आहेत. तू आठ आहेस."

झालो मी मास्तर!

दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. शिकवायचं कसं ते सगळं तेलुगूत सांगितलं. मला निम्मं कळलं. शेवटी प्रत्येकाला पुस्तकं, पाट्या, काप्या आणि एक लाल पेन मिळालं. पेन घेऊन काय करायचं ते विचारायला मी बोट वर केलं. कोणी पाहिलं नाही.

*

पहिल्या आठवड्यात सगळं ठीक होतं. दुपारी चारला वर्ग भरायचा. सगळ्यात पुढं राधाकाकी बसायची. काकी म्हणजे आमच्या गल्लीतली. नवरा नाही, एकुलती एक पोरगी कुसुम नदीपलीकडं महाराष्ट्रात दिलेली. कुसुम चौथी शिकलेली, ती कार्ड टाकायची. पण काकीला वाचता येईना. टपालवाला यायचा तेव्हा काकी बोरिंगवर पाणी भरत असायची, तो तिथंच कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायचा. कुसुमची सासू काय बोलली, कुसुम का रडली, हे काकीच्या बरोबरीनं दहा बायकांना कळायचं. उत्तर लिहून द्यायलाही टपालवालाच. काकी सांगायची, दहाजणी ऐकायच्या, चार जणी मजकूर सुचवायच्या.

पहिल्याच दिवशी काकी मला म्हणाली, "सर, मले लय नाही शिकाचं. कुसुमले एक चिठ्ठी लिवाची हाय. तिले अन् मलेच ठावं असंन अशी. मंग मी मेली तरी चालते."

एवढ्यासाठी ती सगळ्यात पुढं बसायची.

दुसऱ्या आठवड्यात मी बावीस काप्या घरी नेल्या आणि माझ्या मास्तरांनी जशा तपासल्या असत्या तशा तपासल्या. चुकलं तिथं लाल फुली. काही पानं नुसती लाल झाली. मन लावून केलं. दुसऱ्या दिवशी काप्या वाटल्या. सगळे काप्या छातीशी धरून घरी गेले.

तिसऱ्या दिवशी वर्गात नऊ जण. राधाकाकी नाही.

मी रुखमावहिनींना विचारलं, "बाकीचे कुठं गेले?"

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "माल वापस केला ना तुमी त्याह्यचा!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. या सगळ्या कापूस वेचणाऱ्या बाया. जिनिंगच्या दारात ओला कापूस आला, पानकचरा निघाला, की त्या बोऱ्यावर लाल फुली मारतात. फुली मारलेला बोरा गाडीवरून उतरत नाही. आला तसा गावी जातो. गावात लहान पोराला पण माहीत आहे, लाल फुली म्हणजे हा माल आम्हाला नको.

आणि ती फुली बोऱ्यांवर मारणारा माणूस चार वर्षं मीच होतो!

*

मग मी फुली बंद केली. चुकलं तिथं काहीच करायचं नाही, बरोबर असेल तिथं बरोबरची खूण करायची असं ठरवलं. यात काय धोका असणार?

आमच्या वर्गात संभाबुवा होते. साठीचे, बकऱ्या राखायचे. दिवसभर बकऱ्यांमागं पाटीवर गिरवायचे. त्यांचं एक पान पूर्ण बरोबर आलं. मी खूश होऊन ओळीओळीला खूण केली, वर एक मोठी केली.

दुसऱ्या दिवसापासून संभाबुवा गायब.

चार दिवसांनी नाल्यावर भेटले. मी म्हटलं, "बुवा, वर्गात काऊन येत नाही?"

"आता कायले येऊ?" बुवांना नवल वाटलं. "रेशनच्या दुकानात तशी खून केली का आपला माल भेटला, मानूस घरी जाते. तुमी त मले बारा खुना केल्या. मले भेटलं समदं."

फुली मारली तर तेरा जण गेले. खूण केली तर चौदावा गेला.

*

जुने पोलीस पटेल, म्हणजे पूर्वीचे गावपाटील, मात्र रोज यायचे. पटेलकी सरकारनं काढून घेतली होती, वेळ उरला होता. सही त्यांना येत नव्हती, आयुष्यभर शिक्का चालला. वर्गात खुर्ची एकच, माझी. पटेल तिच्यावर बसायचे. मी उभा राहून शिकवायचो. माझ्या बापानं त्यांच्या शेतात तीस वर्षं काढलेली, त्यामुळं मला उभं राहायचं काही वाटायचं नाही. बसायचंच वाटलं असतं.

एक दिवस पटेलांनी कापी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरा, मार्क दे. बाकीच्यायले देतो तसे."

मी कापी उघडली. कोरी. मागची पानं चाळली. सगळी कोरी. पटेल माझ्याकडं पाहत होते. बाया माझ्याकडं पाहत होत्या. मी लाल पेन काढलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं, दहापैकी दहा.

पटेलांनी कापी उलटीसुलटी करून पाहिली. शेजारच्या बाईला आकडा विचारला. तिनं सांगितला.

"सुदाम," ते म्हणाले, "मी कोऱ्या कागदावर लय लोकायचे आंगठे घेतले. पन कोऱ्या कागदावर मार्क देनारा तूच पयला!"

बाया पदर तोंडात घालून हसत होत्या. पटेल हसले नाहीत. खुर्चीवरून उठले, खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "आता पाटी आन. आडवी रेघ कशी मारतेत ते दाखव."

*

राधाकाकी आली नव्हतीच. बाकीच्यांपैकी चार-पाच जणी वहिनींनी ओढून आणल्या, पण काकीकडं जायची त्यांचीही हिंमत होईना. टपालवाला मात्र येत होता. त्या आठवड्यात एक कार्ड आलं, बोरिंगवर वाचलं गेलं. कुसुमला दिवस गेले होते आणि तिची तब्येत ठीक नव्हती. ही बातमी मला काकीच्या आधी कळली, कारण मी बोरिंगवरून जात होतो आणि काकी पाठमोरी हंडा घासत होती, त्या आवाजात तिला ऐकू गेलं नव्हतं.

मी भैंशाला जाऊन माझं दुखणं जिनिंगमधल्या चाचांना सांगितलं. चाचा कापसाची प्रत ठरवायचे. मुठीत कापूस घ्यायचे, दोन बोटांनी धागा ओढायचे, बस. पन्नास वर्षांत त्यांच्याशी कोणी शेतकरी भांडला नाही असं म्हणतात.

चाचा हसून म्हणाले, "सुन मियाँ. माल को कब्बीच खराब नक्को बोलना. पहले उसका अच्छा बोलना. धागा लंबा है, सफेदी अच्छी है. इतना बोलके रुकना. उसका जी ठंडा होता. फिर धीरे से बोलना, थोडी नमी है, कल धूप दिखाके लाव."

"और माल में अच्छा कुछ नहीं रहा तो?"

"पचास साल हो गए," चाचा म्हणाले, "ऐसा माल मैं नहीं देखा."

मला हे फार पटलं. त्याच संध्याकाळी मी काप्या घेऊन बसलो आणि प्रत्येक पानाखाली एक चांगला शेरा लिहिला. मग एक सूचना. "अक्षर टपोरे आहे. ओळ सोडू नये." "मेहनत दिसते. कान्याकडे लक्ष द्यावे." इतकं नीट लिहिलं की माझं मलाच बरं वाटलं.

काप्या वाटल्यावर ध्यानात आलं की शेरे वाचता येत असते तर हे लोक माझ्या वर्गात कशाला आले असते!

पण बाया हुशार. त्यांनी काप्या घरी नेल्या आणि तिसरी-चौथीतल्या पोरींकडून शेरे वाचून घेतले. दोन दिवस आनंदी आनंद. तिसऱ्या दिवशी पाच जणी एकदम माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"सर, तुमचे शेरे लय भारी पडून राह्यले आमाले."

"का?"

"माही पोट्टी म्हंते, सरनं लिवलं, अक्षर टपोरं हाय, वाचनारीले गुळाचा खडा द्यावा."

"अन् माहीनं वाचलं, मेहनत दिसते, पोरीले आज भांडे घासाले लावू नये!"

*

म्हणून शेरे तोंडानं सांगायचे ठरलं. यात अडचण एवढीच होती की तोंड माझं होतं.

मला बायांकडं पाहून बोलता येत नाही. मी सतरंजीकडं पाहून सांगायला सुरुवात केली. "तुमचं, म्हणजे, पहिल्या ओळीतलं, ते चांगलं झालं. दुसरीत जरा, जरा धीर धरा." कोणाचं काय चांगलं झालं ते कोणालाच कळेना.

रुखमावहिनी म्हणाल्या, "चुप बसा व बायांनो! सर जमिनीले सांगून राह्यले. आपुन मंग जमिनीले इचारून घेऊ."

तेव्हापासून प्रत्येक बाई आपली कापी मी पाहत होतो तिथं, जमिनीवर, आणून ठेवायची. मी त्या कापीशी बोलायचो. असं छान चाललं. हजेरी सतरावर गेली. संभाबुवाही आले. त्यांना सांगितलं होतं की दुसरा माल आला आहे.

राधाकाकीची जागा तेवढी रिकामी राहायची. सगळ्यात पुढची. तिथं कोणी बसत नव्हतं.

*

शेवटी मी एका सकाळी काकीच्या घरी गेलो. ती ज्वारी पाखडत होती. मला पाहून तिनं घोंगडं अंथरलं. चहा टाकला. अगदी मानानं वागली. त्यानं मला जास्तच लाज वाटली.

"काकी, कापी दाखवता का?"

"पाहा ना. तुमीच दिली हाय."

कापी कोनाड्यात होती, देवाच्या फोटोमागं. मी पान उघडलं. पाच फुल्या. चार फुल्या मी सांगितलेल्या शब्दांवर होत्या. पाचवी अगदी खाली, कोपऱ्यात. तिथं काकीनं एक शब्द लिहिला होता. तो मी सांगितला नव्हता, शिकवलाही नव्हता. पुस्तकातून एकेक अक्षर शोधून जोडलेला. मी तपासताना पाहिलं होतं की हा शब्द आपल्या यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून फुली मारली होती.

कुसुम.

"हे मी शिकवलं नव्हतं," मी म्हटलं.

"म्हून फुली मारली का?" काकीनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं. तिला वाटत होतं तसा नियम असेल.

चाचांनी सांगितलेलं सगळं विसरलो. मी खिशातून पेन काढलं, त्याच पानावर, तिच्या शब्दाशेजारी, माझ्या हातानं कुसुम असं लिहिलं आणि कापी तिच्यापुढं सरकवली.

"आता तुमी तपासा."

काकीनं सूप बाजूला ठेवलं. कापी उजेडात नेली. आधी तिचा शब्द पाहिला, मग माझा. बोट ठेवून एकेक अक्षर पाहिलं. चहा उतू गेला तरी तिनं मान वर केली नाही.

"जरा वाकडं हाय तुमचं," ती म्हणाली. "पन चालते. लिवत जा."

दुपारी चारला काकी आपल्या जागेवर येऊन बसली होती.

*

उन्हाळा सरत आला तेव्हा वरून एक साहेब वर्ग तपासायला आले. जीपमधून. त्यांना तेलुगू आणि इंग्रजी यायचं, मराठी नाही. आमच्या बायांना मराठीशिवाय काही नाही. मधे मी. मला सगळ्याच भाषांत गप्प बसता येतं.

साहेबांनी काप्या मागितल्या. एकेक कापी घेतली, पानं उलटली, मान डोलावली. संभाबुवांची कापी त्यांनी उलटी धरली होती. बुवा अस्वस्थ झाले. दोन वेळा हात पुढं केला, दोन वेळा मागं घेतला. शेवटी राहवलं नाही. उठले आणि साहेबांच्या हातातली कापी हळूच सरळ करून दिली.

साहेबांनी त्याच कापीत खाली काहीतरी लिहिलं, सही केली आणि गेले. जीपची धूळ खाली बसायच्या आत सगळ्यांनी मला घेरलं. "काय लिवलं? काय लिवलं?" मी पाहिलं. इंग्रजीत होतं. आठवीच्या इंग्रजीला झेपेल असं ते अक्षर नव्हतं.

"वाचता येत नाही," मी कबूल केलं.

बुवांनी एक उसासा सोडला. म्हणाले, "जाऊ द्या सर. मानूस चांगला हाय. अक्षरावर थोडी मेहनत घ्याले पायजे त्यानं. चारले येत जा म्हना."

*

मग आभाळ भरून यायला लागलं. पेरणीच्या तयारीला सगळे पांगणार, म्हणून वर्गाचा शेवटचा दिवस ठरला. पटेलांनी फळ्यावर सही करून दाखवली. वहिनींनी गूळ-शेंगदाणे वाटले. सगळे गेले. राधाकाकी बसून राहिली.

व्हरांड्यात आम्ही दोघंच. तिनं पदराखालून एक आंतरदेशी पत्र काढलं. निळं, चार घड्या घातलेलं. माझ्या हातात दिलं.

"चिठ्ठी हाय," ती म्हणाली. "कुसुमले लिवली. तपासून द्या."

मी घडी उघडायला लागलो तसा तिनं माझा हात धरला.

"तपासा. पन वाचू नोका!"

मी काकीकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा सरळ तोंडाकडं पाहिलं असेल. ती थट्टा करत नव्हती.

"काकी, वाचल्याबिगर कसं तपासू?"

"ते मले काय ठावं? सर तुमी हाय."

मी विचार केला. ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं, निदान मला कळलं त्या अर्ध्यात नव्हतं. मग मी डोळे मिटले. घडी उघडली, कागद पालथा केला आणि मागून बोट फिरवलं. काकीनं बॉलपेन इतकं दाबून चालवलं होतं की अक्षरं मागच्या बाजूला उठली होती. पहिली ओळ बोटाला लागली. मग दुसरी. कागद भरलेला होता. शेवटपर्यंत.

"ओळी सरळ आहेत," मी सांगितलं. "कुठं थांबल्या नाहीत तुम्ही. शेवटी जागा कमी पडली, तरी ओळ सोडली नाही."

"भोक पडलं का कुटं?"

"नाही."

"मंग बरं झालं," काकी म्हणाली. "एका जागी लय दाबलं होतं म्या."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. मी डोळे उघडले तोवर तिनं घड्या घातल्या होत्या. वाटीत पिठाची खळ घरूनच करून आणली होती. तिन्ही बाजू चिकटवल्या, तळहातानं दाबल्या. मग पत्र पलटून माझ्यापुढं धरलं.

"हे वाचा. हे वाचलं तरी चालते."

ती पत्त्याची बाजू होती. दोन ओळी. अक्षर टपोरं, सुंदर.

माही कुसुम
तिच्या सासरी

त्याखाली काही नव्हतं.

"जावयांचं नाव?" मी विचारलं.

"जावयाचं नाव कसं लिवू? मानाचा मानूस हाय."

"आणि गावाचं?"

काकीनं तोंड वाकडं केलं. "गाव तिच्या सासूचं हाय. माह्या चिठ्ठीत तिचं काहीच नाही पायजे."

माझ्या खिशाला पेन होतं. काकी त्या पेनाकडं पाहत होती. पत्र तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"बरोबर हाय ना सर?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"पोचंन ना?"

"पोचेल."

तिनं पत्र माझ्या हातात दिलं, सतरंजी झटकून घडी करून ठेवली आणि घरी गेली.

कुसुमचं गाव मला माहीत होतं. तिच्या लग्नात वरातीच्या बैलगाडीवर नाव रंगवायला मी तिकडंच गेलो होतो. नदीपलीकडं, सायकलीनं जाऊन-येऊन अख्खा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही चाकांत हवा भरली, आईकडून भाकरी बांधून घेतली, पत्र शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि निघालो.